एकतीस तारखेचं विमान

मनिलाहून ते निघणार होतं एक तारखेला, रात्री अडीचला,
आणि इथं उतरणार होतं एकतीसला, रात्री अकरा दहाला.
चूक नाही ही. मधे समुद्रात एक रेघ आहे,
ती ओलांडली की आदला दिवस परत मिळतो,
वाण्यानं सुटे पैसे परत द्यावेत तसा.
लिगायाला याची गंमत वाटली होती.
काचेखालच्या फटीतून तिनं मला दोनदा सांगितलं.

दार लावता लावता सत्ताविसाव्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या
छातीत कळ आली. त्याला उतरवलं.
मग विमानाच्या पोटातून त्याची बॅग शोधली,
निळी, दोरीनं बांधलेली.
सव्वा तास.
चाकं टेकली बारा पंचवीसला.
एक ऑगस्ट.

नियम माझ्या पाठीमागे भिंतीवर आहे, सात भाषांत:
आलात तो महिना संपेपर्यंत, आणि वर दोन महिने.
एकतीसला आलात तर महिना संपायला पन्नास मिनिटं.
एकला आलात तर एकतीस दिवस.
बाकी सगळं सारखंच. माणसं तीच, बॅगा त्याच,
पोराच्या मांडीवरची झोपही तीच.

क्रिसान्तोनं बायको-मुलासाठी खासगी विमा घेतला होता,
तिकिटावरची तारीख बघून, चोख, दोन महिन्यांचा.
ऑक्टोबर उघडाच राहिला.
अधिक महिना म्हणायचा, पण पुण्य कसलं नाही त्यात.

नऊ ऑक्टोबर. शाळेतल्या लोखंडी शिडीवरून इसागानी पडला.
आला तो डावा हात उजव्या हातात धरून,
कुणीतरी जपायला दिलेली वस्तू आणावी तसा.
रडत नव्हता. आईकडे बघत होता, रडायचं का म्हणून.

कार्ड? मी विचारलं.
नोव्हेंबरात, ती म्हणाली.
मग मी आकडे सांगितले. तपासणीचे, एक्स-रेचे, प्लास्टरचे वेगळे.
मी ते हळू आवाजात सांगते. त्यानं ते कमी होत नाहीत.
मोठ्या हॉस्पिटलात जा, म्हटलं, ते हाकलणार नाहीत.
आणि बिल?
ते मागाहून घरी येईल.
ती हसली, म्हणजे ओठ हलले.
रात्रपाळीला ती चौदा म्हाताऱ्यांना धुते, भरवते, कुशीवर वळवते.
चौदाही जणांकडे कार्ड आहे.

मग खुर्चीत बसून तिनं पोराच्या मनगटावरून
दोन बोटं फिरवली, सावकाश, थांबत थांबत.
अंदाज नव्हता तो.
इलोइलोत बारा वर्षं, हाडांच्या वॉर्डात, ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता, हाडाकडे बघत.
मी आतून हातमोज्यांचा रिकामा खोका आणून दिला
आणि बँडेजचा एक रोल.
रोल वहीत लिहिला नाही.
एवढंच.
घरी जाताना हे मोठं वाटत होतं, जेवताना वाटेना.

एक नोव्हेंबरला शनिवार. तीनला आले तिघं.
कार्ड नवं, कोपरे अजून टोकदार.
एक्स-रे फुकट. डॉक्टर म्हणाले, जुळलंय, जरासं तिरकं,
आता मोडून पुन्हा बसवण्यासारखं नाही.
इसागानी खूश. तळहात वर केला की टक् वाजतं.
बाकावरच्या सगळ्यांना त्यानं वाजवून दाखवलं.

लिगाया फटीपाशी वाकली.
मी तयार होते, नियमाच्या बाजूनं बोलायला,
किंवा यावेळी न बोलायला.
तिनं विचारलं,
सत्ताविसाव्या रांगेतल्या माणसाचं पुढं काय झालं
ते कुठं कळेल का?
नेताना तो प्रत्येक रांगेपाशी थांबत होता,
छाती धरून,
खोळंबा झाला म्हणून माफी मागत.

असा अर्ज माझ्या खणात नाही.
तिच्या मागं पाच जण उभे होते.
बाकावर टक्. आणि थोड्या वेळानं परत, टक्.